नाशिकच्या छोट्या युद्ध-संग्रहालयाने वर्षभर कोणते कार्यक्रम घ्यावेत?

नाशिकच्या एका छोट्या न्यासाच्या कार्यकर्त्यांनी विचारलं आहे: "आम्ही युद्ध-इतिहासाचं संग्रहालय सुरू केलंय. दोन दालनं आणि ऐंशी खुर्च्यांचं सभागृह आहे. उद्घाटनाला पाय ठेवायला जागा नव्हती. आता शाळांच्या सहली सोडल्या तर दिवसभरात बोटांवर मोजण्याइतकी माणसं येतात. वर्षभर कोणते कार्यक्रम घ्यावेत? मुलांसाठी काय करता येईल? लष्कराची मदत कशी मिळवायची? आणि तिकीट ठेवावं का?"

संग्रहालयांतल्या कार्यक्रमांचंच काम मी वर्षानुवर्षं करतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या शहराचा विचार करा. नाशिकला तोफेचं अप्रूप नाही. तोफखान्याचं प्रशिक्षण विद्यालय देवळालीला आहे. नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर आहे, गांधीनगरला आर्मी एव्हिएशनचे वैमानिक तयार होतात, ओझरला एचएएलच्या कारखान्यात मिग आणि सुखोई विमानं बांधली गेली. के-९ वज्र आणि एम-७७७ या तोफा सैन्यात दाखल झाल्या, तो समारंभही ९ नोव्हेंबर २०१८ रोजी देवळालीतच झाला. अशा ठिकाणी एक जुनी तोफ आणि चार बंदुका मांडून रोज माणसं येतील, ही आशा धरू नका. लष्कराकडे जे आहे ते तुमच्याकडे कधीच असणार नाही. मात्र लष्कराला जमत नाही अशी एक गोष्ट तुम्हाला जमू शकते. ज्या घरांतून माणसं लढाईवर गेली, त्या घरांच्या माजघरापर्यंत तुम्ही पोचू शकता. माझं सगळं सांगणं याच एका गोष्टीवर उभं आहे. वक्ता बाहेरून आणून सभागृहात बसवणं म्हणजे कार्यक्रम नव्हे. कार्यक्रम जिल्ह्यातल्या घरांतून उभा राहिला पाहिजे. सिन्नर, निफाड, येवला, दिंडोरीच्या घराघरात एक काळी लोखंडी ट्रंक असते, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेलं असतं. ती ट्रंक उघडेल असा कार्यक्रम करा.

म्हणून पहिला कार्यक्रम हाच घ्या. दर तीन महिन्यांनी एक रविवार ठरवा आणि लोकांना सांगा: घरातल्या सैनिकाचे कागद, पदकं, फोटो, पत्रं घेऊन या, आम्ही ती वाचून देतो, स्कॅन करून देतो, वस्तू तुमच्याबरोबर परत जाईल. हे शेवटचं वाक्य जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापा. संग्रहालयात नेलं की ते ठेवून घेतात, ही भीती लोकांच्या मनात पक्की असते, आणि ती अगदीच निराधार नसते.

मांडणी साधी ठेवा. पहिल्या टेबलावर नोंद, दुसऱ्यावर स्कॅनर आणि कॅमेरा, तिसऱ्यावर निवांत बोलणारा एक माणूस. फोटो दोन्ही बाजूंनी, किमान ६०० डीपीआयवर स्कॅन करा. मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का असतो, कधी पेन्सिलने लिहिलेलं ठिकाण असतं, आणि बरेचदा खरी माहिती तिथेच सापडते. लिफाफा किंवा अंतर्देशीय पत्र फेकू देऊ नका. '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' असा लष्करी टपालाचा पत्ता आणि टपालाचा शिक्का यांवरून पत्राची तारीख लागते. डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून सुटताना मिळालेली सेवेची नोंदवही, आलं तर पानन् पान घ्या. कौतुकापोटी लॅमिनेट केलेले दाखले हमखास येतील. ते उकलायच्या फंदात पडू नका, आहेत तसेच स्कॅन करा. बाकीच्यांना मात्र तिथल्या तिथे सांगा की लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, ॲसिड नसलेल्या कागदाचं पाकीट पुरे.

पदकांचं जरा तपशिलात सांगतो, कारण त्या दिवसाचा जीव तिथे असतो. पहिल्या महायुद्धातली दोन पदकं आपल्याकडच्या घरांत सापडतात: चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल आणि काशासारख्या धातूचं व्हिक्टरी मेडल. दोन्हींच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. घरातल्या कुणीच ती कड कधी पाहिलेली नसते, कारण लोक पदकाची तोंडं बघतात, कड नाही. टेबलावर मऊ कापड अंथरा, पदक त्यावर उभं धरा, टॉर्चचा उजेड वरून न टाकता अगदी आडवा टाका आणि भिंगातून वाचा. उजेड आडवा आला की झिजलेल्या अक्षरांच्याही सावल्या पडतात. नाव मोठ्याने वाचायचं काम मात्र तुम्ही करू नका. भिंग नातवाच्या किंवा पणतीच्या हातात द्या आणि तिला वाचू द्या. ज्याचा फोटोसुद्धा घरात नाही अशा पणजोबांचं नाव धातूवर सापडतं, तेव्हा टेबलाभोवती उभी असलेली अनोळखी माणसंही गप्प होतात. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैनिकांना दिलेल्या पदकांवरही नावं ठोकलेली मिळतात. १९७१ च्या घरांतून संग्राम मेडल आणि पश्चिमी किंवा पूर्वी स्टार निघतील. रिबनचे रंग ओळखण्याचा एक तक्ता भिंतीवर लावून ठेवा, म्हणजे वाट बघणारी मंडळी स्वतःच ओळखायला लागतात.

पदकं चिंचेने किंवा भांड्यांच्या पावडरीने घासू नका, हे प्रत्येकाला हात जोडून सांगा. दसऱ्याला शस्त्रांबरोबर पदकंही लख्ख घासायची रीत काही घरांत आहे. त्या प्रेमानेच कडेवरची नावं पुसली गेली आहेत. आणि वॉर मेडल चांदीचं असल्यामुळे अडीअडचणीला ते सराफाकडे गेलं, अशी घरंही भेटतील. पदक विकलं म्हणून कुणाला खाली बघायला लावू नका. सराफाकडे जाण्याआधीची जी आठवण घरात शिल्लक आहे, ती लिहून घ्या.

या दिवशी दोन गोष्टी कडक ठेवा. पहिली, शस्त्रं आणू नयेत हे आमंत्रणातच लिहा. जुनी बंदूक, काडतूस, तोफगोळ्याचं कवच, काहीही नाही. परवाना आणि शस्त्र कायदा हा एक भाग झाला. पण फायरिंग रेंजच्या आसपास कुणाला धातूचा तुकडा सापडला आणि त्याने तो पिशवीत घालून तुमच्या टेबलावर ठेवला, तर तुम्ही काय करणार? न फुटलेला दारूगोळा वर्षांनंतरही फुटू शकतो. सापडला तर हात लावू नका, पोलिसांना कळवा, असा फलक कायमचा लावा. दुसरी गोष्ट, कुणी भावनेच्या भरात "ठेवा तुमच्याकडेच" म्हणालं तरी त्या दिवशी मूळ वस्तू घेऊ नका. घरी जाऊ द्या, भावाबहिणींशी बोलू द्या, महिनाभराने सगळ्यांच्या सह्यांचं दानपत्र घेऊन मग घ्या. एका पदकावरून तुटलेली भावंडं मी पाहिली आहेत. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात १०० वर्षांहून जुन्या वस्तू आणि ७५ वर्षांहून जुनी हस्तलिखितं येतात, तेव्हा अशी वस्तू कायमची घेण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे नोंदणीचं विचारून घ्या.

याला जोडूनच दुसरा कार्यक्रम उभा राहतो: संध्याकाळी सभागृहात मोठ्या पडद्यावर नावं शोधायची. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांत मेलेल्यांची नोंद पाहता येते, आणि बऱ्याच नोंदींत बापाचं नाव आणि गावही असतं. लोकांना गावाचं नाव सांगू द्या, तुम्ही टाइप करा. इंग्रज कारकुनांनी गावांची आणि आडनावांची स्पेलिंगं कानाला लागली तशी लिहिली, म्हणून एकाच गावासाठी तीन-चार तऱ्हा करून पाहाव्या लागतात. ज्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं त्या नामदेव जाधवांचं आडनावही अधिकृत कागदांत 'जादव' झालेलं आहे, मग साध्या शिपायाचं काय झालं असेल. हा शोध सगळ्यांनी मिळून करण्यात खरी मजा आहे. "आमच्याकडे त्या वाडीला आधी दुसरं नाव होतं," असं मागच्या रांगेतून एखादे आजोबा सांगतात आणि अडलेली नोंद सुटते.

त्याच संध्याकाळी बसऱ्याच्या स्मारकाबद्दल सांगा. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मेलेल्या आणि ज्यांच्या कबरीचा पत्ता नाही अशा ४०,००० हून अधिक जणांसाठी ते उभारलं, पण भारतीय साध्या शिपायांची नावं तिथे कोरली गेली नाहीत. अधिकाऱ्यांची नावं आली, शिपायांचा आकडा आला. हे ऐकल्यावर तुमच्या पडद्यावर एकेक नाव उमटण्याला काय अर्थ आहे, ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आणि फक्त लढणाऱ्यांचीच नावं शोधू नका. खेचरं हाकणारे, पाणी वाहणारे, स्वयंपाकी, स्ट्रेचर उचलणारे, मजूर पलटणींतले लोक, सगळे शोधा. १९१७ ची १११ वी महार पलटण आणि पुढे १९४१ मध्ये उभी राहिलेली महार रेजिमेंट यांची घरंही तुमच्या जिल्ह्यात आहेत. एकाच समाजाचं संग्रहालय अशी ओळख एकदा चिकटली की बाकीच्यांच्या ट्रंका कायमच्या बंद राहतात.

मुलांचं आणि बायकांचं बोलायचं तर मी एक प्रसंग निवडीन: कुतचा वेढा. मेसोपोटेमियात टायग्रिसच्या काठी कुत-अल-अमारा इथे ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत जी सेना अडकली ती ६ वी पूना डिव्हिजन. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. अन्न संपत आलं, घोडे कापले गेले, धर्माच्या बंधनामुळे बरेच भारतीय शिपाई ते मांस खाईनात. जव होते, पण दळायला पुरेशी जाती नव्हती, म्हणून विमानातून जात्याचे दगड खाली टाकले गेले. विमानाने वेढ्यात अन्न टाकण्याच्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी तो एक. शेवटी शरणागती झाली, सुमारे १३,००० माणसं कैदेत गेली आणि त्यातली हजारो परत आली नाहीत.

आता सभागृहाच्या मधोमध एक जातं मांडा. नाशिकच्या भांडी बाजारात नाही मिळालं तर कुणाच्या तरी वाड्याच्या अंगणात पडलेलं मिळेलच. मूठभर जव द्या आणि मुलांना दळू द्या. दहावीच्या पोराचेही हात भरून येतात आणि निघतं ते पसाभर पीठ. त्यावर एका माणसाने दिवस काढायचा, आणि पुन्हा खंदकात उभं राहायचं. वेढा म्हणजे काय हे तासभराच्या भाषणापेक्षा त्या पिठात लवकर कळतं. मग गावाकडच्या दोन-तीन आज्यांना बोलवा. इथे आई-बायको पहाटे जात्यावर बसून ओव्या म्हणत होती, आणि तिकडे तिचा माणूस जव दळत होता. ओव्यांमध्ये भाऊ येतो, लेक येतो, पलटण येते, आगगाडी येते. ज्यांना येतात त्यांना म्हणू द्या, रेकॉर्ड करा, आणि माईक त्यांच्या तोंडासमोर नको, बाजूला ठेवा. युद्ध-संग्रहालयात बायका नवऱ्याबरोबर येतात आणि दारापाशी उभ्या राहतात, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. या कार्यक्रमाला त्या स्वतःहून येतात आणि मैत्रिणींना घेऊन येतात. कुतचा कार्यक्रम २९ एप्रिलच्या आसपास घ्या, मात्र उन्हामुळे संध्याकाळी सहानंतर.

मुलांसाठी दुसरा, आणि अगदी नाशिकचाच म्हणावा असा कार्यक्रम म्हणजे तोफेचं गणित. बहुतेकांना वाटतं तोफ समोर दिसणाऱ्या शत्रूवर डागतात. तोफखान्याचं खरं काम बहुतेक वेळा न दिसणाऱ्या लक्ष्यावर असतं. तोफा डोंगरामागे, आणि पुढे एका टेकडीवर दुर्बीण घेऊन बसलेला अधिकारी, म्हणजे ओपी, गोळा कुठे पडला ते वायरलेसवर कळवतो. सभागृहात मधे एक जाड पडदा बांधा. एका बाजूला रबरी पट्ट्यांवर चालणारा छोटा लाकडी फेकयंत्र-खेळ आणि मऊ चेंडू, दुसऱ्या बाजूला जमिनीवर खडूने आखलेले चौकोन. मारणाऱ्या गटाला लक्ष्य दिसत नाही. पडद्यापलीकडचा मुलगा फक्त एवढंच सांगू शकतो: लांब, जवळ, डावीकडे, उजवीकडे. पहिला चेंडू लांब पडला, दुसरा मुद्दाम जवळ टाकला, मग अंतर निम्मं केलं, पुन्हा निम्मं केलं. तोफखान्यात खरोखर असंच लक्ष्य कात्रीत पकडतात. पाचवी-सहावीची मुलं ही युक्ती तीन-चार फेऱ्यांत आपली आपण शोधून काढतात. सांगणारा चुकला तर काय, हा प्रश्न त्यानंतर विचारा. चेंडू भलत्याच चौकोनात पडला आणि त्या चौकोनावर 'शाळा' लिहिलेलं असेल तर? मुलं एकदम शांत होऊन विचार करायला लागतात. हा कार्यक्रम २८ सप्टेंबरच्या आठवड्यात घ्या. २८ सप्टेंबर १८२७ रोजी ५ बॉम्बे माउंटन बॅटरी उभी राहिली, म्हणून तो दिवस भारतीय तोफखाना 'गनर्स डे' म्हणून पाळतो. निवृत्त तोफची तुमच्या शहरात गल्लोगल्ली आहेत. त्यांना भाषणाला बोलावू नका, त्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना पंच म्हणून उभं करा. ते फुलून जातात.

बंदूक हातात देऊन फोटो काढण्याचा प्रकार मात्र करू नका. रांगा लागतील हे खरं आहे, पण रांगेतलं मूल घरी जाताना काय घेऊन जातं? फोटो. मुलांना लढाऊ गणवेश चढवणंही टाळा. सैन्याच्या जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या नव्या लढाऊ गणवेशाची नक्षी नोंदणीकृत आहे, आणि सैनिक नसताना सैनिकाचा वेश मिरवण्यावर कायद्याचीही बंधनं आहेत. त्यापेक्षा पाठीवर भरलेली पिठ्ठू पिशवी द्या आणि जिना चढायला सांगा.

बाहेरच्या फेऱ्यांबद्दल थोडक्यात, कारण नाशिकला वारसा-फेऱ्यांची सवय आहे. फक्त युद्धाचा धागा हातात घेऊन फिरा. पंचवटीत नारोशंकराच्या देवळावरची मोठी घंटा सगळ्यांनी पाहिलेली असते, पण ती १७३९ च्या वसईच्या मोहिमेची आठवण आहे, पोर्तुगीजांची घंटा आहे, हे उभं राहून सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. त्याच नारोशंकर राजेबहाद्दरांनी मालेगावचा भुईकोट बांधला, आणि १८१८ च्या मे-जूनमध्ये अरब शिबंदीने तो इंग्रजांविरुद्ध जवळजवळ महिनाभर लढवला. दारूखाना उडाल्यावर तो पडला. मालेगावची एक दिवसाची सहल यावरच होऊ शकते, आणि मालेगावकरांना बरोबर घेऊन केली तर फार चांगली होते.

रामशेजला जाल तर एक गोष्ट सांभाळा. १६८२ पासून काही वर्षं या लहानशा किल्ल्याने मुघल फौजांना दाद दिली नाही, हा इतिहास आहे. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, लाकूड पोखरून त्यावर कातडं चढवून तोफा केल्या, हे खाफीखानाने, म्हणजे समोरच्या बाजूच्या लेखकाने लिहून ठेवलं आहे. मुघल सरदार बहादूरखानाने मांत्रिकाच्या सांगण्यावरून सोन्याचा नाग करून घेतला, ही गोष्टही त्याचीच. आशेवाडीतून चढताना प्रत्येक टप्प्यावर सांगा: हे कागदात आहे, हे शत्रूने लिहिलं, हे गावात सांगतात. तिन्हींना मान आहे, पण तिन्ही एक नाहीत. लोकांना हा फरक आवडतो, हे मी खात्रीने सांगतो. फेरी सकाळी साडेसहाला सुरू करा आणि साडेनवाच्या आत संपवा, रविवारी नाशिककर मिसळीला जाणार हे गृहीत धरूनच वेळ आखावा. एका गटात २५ पेक्षा जास्त माणसं नकोत. सिंहस्थाच्या काळात पंचवटीची फेरी सरळ बंद ठेवा.

आता सगळ्यात नाजूक भाग. निवृत्त सैनिक आणि वीरनारी.

१९७१ मध्ये वीस वर्षांचा असलेला जवान आज पंच्याहत्तरीला आला आहे. १९६२ आणि १९६५ ची माणसं ऐंशीच्या पुढची आहेत. म्हणून त्यांच्या मुलाखती या तुमच्या वर्षाच्या आखणीत पहिल्या याव्यात, सभागृह नंतर भरता येईल. मुलाखत त्यांच्या घरी घ्या, दुपारची झोप झाल्यावर, चहानंतर. "किती जणांना मारलं?" हा प्रश्न तुमच्या तोंडून कधीही जाता कामा नये, आणि श्रोत्यांतून आला तर सूत्रधाराने तो अडवावा. बूट कसे होते, पहिलं पत्र किती दिवसांनी आलं, लंगरमध्ये काय मिळायचं, शेजारी झोपणारा कोण होता, असं विचारा. बुटांपासून निघालेला माणूस आपला आपण लढाईपर्यंत जातो, आणि जायचं नसेल तर बुटांपाशी थांबतो. दोन्ही ठीक आहे. सध्याच्या तैनातीबद्दल, ठाण्यांबद्दल काही विचारू नका. रेकॉर्डिंग कुठे वापरणार याची लेखी संमती घ्या, आणि नंतर एखादा भाग काढायला सांगितला तर विनातक्रार काढा. कार्यक्रमात स्फोटाचे आवाज लावायचे असतील तर दारावर आणि तोंडीही आधी सांगा. काही माणसांना ते सोसत नाहीत, आणि ती माणसं तुमच्याच पहिल्या रांगेत बसलेली असतात.

वीरनारींच्या सत्काराबद्दल मी अगदी स्पष्ट बोलतो. शाल, श्रीफळ, मागे करुण संगीत, निवेदक पतीच्या शेवटच्या क्षणांचं वर्णन करतोय, आणि समोर ती बाई रडते आहे, सगळे मोबाईल तिच्याकडे वळलेले. हे थांबवा. तिचं दुःख ही तुमच्या कार्यक्रमाची सामग्री नाही. तिला यायचं आहे का, मंचावर बसायचं आहे का की श्रोत्यांत, बोलायचं आहे का, फोटो चालेल का, हे चारही प्रश्न आधी घरी जाऊन विचारा. जाण्या-येण्याची गाडी द्या. आणि तिला फक्त पतीबद्दलच विचारायचं असा नियम आहे का? पेन्शनच्या कागदांसाठी कोणत्या कचेऱ्या पालथ्या घातल्या, शेती कोणी केली, मुलं कशी शिकवली, हाही युद्धाचाच इतिहास आहे आणि तो तिच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. या कामात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय तुम्हाला मदत करू शकतं. याद्या मागू नका, त्या खासगी असतात. तुमचं आमंत्रण त्यांच्यामार्फत पोचवायला सांगा, ज्यांना यावंसं वाटेल त्या येतील.

औपचारिकता कापा. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, सत्कार, मनोगत, आभार एवढं होईपर्यंत पाऊण तास जातो आणि ज्याला ऐकायला लोक आले त्याला वीस मिनिटं मिळतात. एक निवेदन, दोन मिनिटं स्तब्धता, लगेच विषय. लोकप्रतिनिधी आले तर त्यांना मानाने पहिल्या रांगेत बसवा आणि त्यांनाही एखादं पदक भिंगातून वाचायला द्या.

लष्कराची मदत मिळते, पण तिचा मार्ग लेखी आहे. ओळखीच्या अधिकाऱ्याच्या फोनवर कार्यक्रम आखू नका, त्याची बदली होते. दोन-तीन महिने आधी पत्र द्या, त्यात नेमकं काय हवंय ते लिहा: वक्ता, बँड, की त्यांच्या संग्रहालयाची भेट. कॅन्टोन्मेंटच्या आतल्या भेटीला पूर्वपरवानगी आणि प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं. नकार आला तर वाईट वाटून घेऊ नका, सरावाच्या काळात ते अडकलेले असतात. ड्रोनने चित्रीकरण करायचा विचार डोक्यातून काढून टाका. देवळाली, नाशिकरोड, गांधीनगर, ओझर, सगळा परिसर संवेदनशील आहे. अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ पासून लोकांसाठी उघडं आहे. तिथे वर्षातून एक सहल न्या, रणगाडे तिथे पाहू द्या, आणि परत येताना बसमध्ये तुमच्या ट्रंकेच्या रविवाराची पत्रकं वाटा.

तारखांचा मोह आवरा. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला अख्खं शहर कार्यक्रमांत असतं, त्या गर्दीत तुमचा कार्यक्रम दहावा ठरेल. १६ डिसेंबर ठेवा, थंडी असते आणि १९७१ ची माणसं शहरात आहेत. २६ जुलैला कारगिलचा दिवस घ्यावाच, पण नाशिकचा पाऊस लक्षात घेऊन सगळं छताखाली. यांशिवाय एक अशी तारीख निवडा जी दुसरं कुणी पाळत नाही. मी ९ एप्रिल सुचवेन. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीवर नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांतून वाहून नेलं, कान फुटलेले, हात जायबंदी, तरी तीन मशीनगन ठाणी बंद पाडली आणि बांधावर उभं राहून मराठा युद्धघोष देत बाकीच्यांना पुढे बोलावलं. त्यांचं गाव निमज, संगमनेरजवळ, तुमच्यापासून फार लांब नाही. त्याच इटलीच्या मोहिमेत १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडलेल्या यशवंत घाडगे यांच्यासाठी इटलीतल्या मोंटोने गावाने २०२३ मध्ये सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. आपल्या माणसांना दुसऱ्यांच्या गावात सावलीची घड्याळं मिळतात, मग आपल्या शहरात निदान एक संध्याकाळ मिळायला हरकत नसावी. आणि त्या संध्याकाळी समोरच्या जर्मन पोरांबद्दलही बोला. समोरच्याला माणूस म्हणून दाखवल्याने आपल्या सैनिकाचा मान कमी होत नाही.

उरलेल्या गोष्टी भराभर. चाकांच्या खुर्चीसाठी उतार १ः१२ चा, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा करा, दर पंधरा-वीस पावलांवर बसायला बाक ठेवा, वृद्ध माणसं हेच तुमचे खरे पाहुणे आहेत. कार्यक्रम सव्वा तासात संपवा आणि नंतर अर्धा तास चहा ठेवा. चहाच्या वेळी कुणीतरी वही घेऊन उभं राहा, कारण "आमच्याकडे पण एक पत्र आहे" हे वाक्य तेव्हाच कानावर पडतं. वर्षाअखेर अहवालात डोकी मोजाल ती मोजा, पण सोबत हेही लिहा: किती घरांतून कागद आले, किती जण दुसऱ्यांदा आले, किती मुलाखती पूर्ण झाल्या. देणगीदाराला पुढच्या वर्षी हेच आकडे दाखवा.

तिकिटाचं विचारलंत. दालनांना माफक तिकीट ठेवा, फुकट म्हटलं की लोक गांभीर्याने घेत नाहीत आणि वीजबिल तर भरायचंच आहे. निवृत्त सैनिक, वीरनारी, वीरमाता-वीरपिता आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या एका व्यक्तीला ते माफ असावं, ओळखपत्रावरून वाद न घालता. ट्रंकेच्या रविवारी कुणाकडूनच पैसे घेऊ नका. स्कॅनची प्रत पेनड्राइव्हवर आणि एक छापील फोटो चांगल्या कागदावर, महिन्याच्या आत त्या घरी पोचवा. हा खर्च पहिल्या वर्षाच्या अंदाजपत्रकात आत्ताच धरून ठेवा.